कार्बोरेटरची गाडी अडखळते? पंप बदलण्याआधी या चुका टाळा

इंदुरात अजूनही काही घरांनी जुनी पद्मिनी किंवा मारुती ८०० जिवापाड जपली आहे. मे महिन्यात ती बडवाहकडून भेरूघाट चढताना दम टाकू लागली की मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं: "पंप गया, साब." टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचवणारा नवा पंप बसतो आणि पुढच्या चढावर पुन्हा तेच. पेट्रोलचा दाब कुणी मोजलेलाच नसतो.

पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या कार्बोरेटरला दाब लागतो तो थोडासाच. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) चालणारा पंप साधारण ३ ते ५ पीएसआय (दाबाचं एकक) देतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. म्हणूनच सगळ्यात घातक चूक म्हणजे इंजेक्शनच्या (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीतला इलेक्ट्रिक पंप इथे जोडणं. त्याचा दाब ४० पीएसआयच्या आसपास असतो, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाट बंद करणारी फ्लोटची नीडल तो अडवू शकत नाही. पेट्रोल उतू जाऊन तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनाला जोडलेल्या धुराच्या नळ्यांवर) पडतं आणि गाडी पेटू शकते. हा जुगाड कुणी कितीही स्वस्तात करून देत असला तरी नको म्हणा.

दुसरी चूक, नुसत्या दाब मोजणाऱ्या गेजवर विसंबणं. दाब बरोबर असून धार बारीक असू शकते. इंजिन थंड असताना, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची प्लसची वायर काढा, कार्बोरेटरकडे जाणारी नळी बाटलीत सोडा आणि थोडा वेळ सेल्फ मारा. जवळ आग विझवायचं सिलिंडर हवंच. पेट्रोल ठोक्याठोक्यानं, जोरात यायला हवं. बुडबुडे आले तर बहुधा टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत हवा शिरतेय. ही ओढणारी बाजू, त्यामुळे भेग असली तरी गाडी चालू असताना पेट्रोल टपकत नाही, आणि तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलनं जुनं रबर लवकर खराब होतं, तेव्हा नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या.

काही अंतर जाऊन गाडी बंद पडते, टाकीचं झाकण उघडताच सूं आवाज होतो आणि मग ती सुरू होते? झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय.

८०० मध्ये परतीची नळी तुंबली की उलटा प्रकार: दाब वाढतो, काळा धूर येतो, पेट्रोलचा वास सुटतो. अशा वेळी लोक कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) बदलत बसतात.

उन्हाळ्यात पंपावर ओलं फडकं ठेवल्यावर गाडी सुधारली, तर नळीत पेट्रोलची वाफ धरतेय. पंपाखालची बेकलाइटची जाड पट्टी आहे ना, ते आधी पाहा. पंप बदलताना ती बऱ्याचदा फेकली जाते, आणि मग इंजिनाची धग थेट पंपाला लागते.

ऑइल मोजायच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. मग गॅरेजपर्यंतसुद्धा गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पंपाबरोबर ऑइल आणि त्याचा फिल्टरही बदलून घ्या.