रिक्वायरमेंट घ्यायला जाताय? आधी जुनी बिलं मागा

रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने नेमकं काय करायला पाहिजे ते, कसं काढायचं हे दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर करताना आम्ही ठेचा खाऊन शिकलो, ते सांगतो, तुमचा क्लायंट दुसरा कुणी असला तरी पद्धत हीच चालते.

चेअरमनच्या केबिनमध्ये बसून "काय काय पाहिजे" विचारू नका. तिथे चहा मिळतो आणि "सगळं ऑनलाइन पाहिजे" एवढंच कळतं. सकाळी सहाला केंद्रावर जायचं, जो पोरगा दुधाचं फॅट मोजून एन्ट्री मारतो त्याच्या शेजारी गप उभं राहायचं आणि तो काय करतो ते लिहायचं. एकाच कोडवर, म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या नंबरवर, गायीचं आणि म्हशीचं दोन्ही दूध येतं, लाईट गेली की वहीत लिहून नंतर चढवतात, हे मीटिंगमध्ये कुणीच बोललं नव्हतं, त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही ना.

नियम सांगितला की लगेच उदाहरण मागा. आम्हाला सांगितलं शेतकऱ्याला दुधाच्या पैशांचं बिल दर दहा दिवसांनी, आम्ही कोडमध्ये दहा दिवस टाकून मोकळे. प्रत्यक्षात बिल १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर, म्हणजे कधी ११ दिवसांचं, फेब्रुवारीत ८ किंवा ९. "३१ तारखेचं दूध कुठल्या बिलात?" एवढं विचारलं असतं तर आख्खा आठवडा वाचला असता. तारीख, पैसा किंवा "नेहमी" हा शब्द आला की कान टवकारायचे.

आता तपासणी. चाळीस पानी डॉक्युमेंटवर सही घेतली म्हणजे तपासलं असं नाही, ते कुणी वाचत नाही, मी पण वाचत नाही. कोड लिहायच्या आधी मागच्या महिन्याची खरी बिलं आणा आणि तुम्हाला समजलेल्या नियमांनी एक्सेलमध्ये परत काढा. गायीला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) धरून दर, त्याखाली प्रत्येक पॉइंटमागे (०.१ मागे) कपात, हे मांडायला अर्धा दिवस पुरतो. जुळत नाहीत ती बिलं घेऊन सेक्रेटरीकडे जा. आमची बहुतेक उधार नेलेल्या पशुखाद्याच्या कपातीवर अडली, बिल कमी आलं की सेक्रेटरी उधारी पुढच्या बिलात ढकलायचे, कुणाची किती ते सगळं डोक्यात. ते आम्ही त्यांच्याच हातात ठेवलं, फक्त कारण लिहायला एक रकाना दिला.

"फास्ट पाहिजे" म्हणाले तर घड्याळ लावून रांगेत एका माणसाला आत्ता किती सेकंद लागतात ते मोजा, मग किती चालतील ते विचारा आणि तो आकडा लिहा.

आणि प्रत्येक नियमापुढे तो कुणी, कधी सांगितला ते टाका, सहा महिन्यांनी "असं बोललोच नव्हतो" झालं की भांडायला नाही, फोन कुणाला लावायचा ते कळायला.