घाबरल्यावर आधी श्वास सोडा

घाबरलेल्या माणसाला आजूबाजूचे हमखास सांगतात, "मोठा श्वास घे." सल्ला मनापासूनचा, पण बऱ्याचदा उलटा पडणारा. भीतीने श्वास आधीच जलद झालेला असतो. त्यात आणखी मोठे श्वास ओढले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. या मुंग्यांना घाबरून माणूस अजून जोरात श्वास घेतो आणि चक्र चालू राहतं. ते तोडायचं तर उच्छ्वास लांबवायचा.

पाठ टेकवून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर, कमरेला काही घट्ट असेल तर सैल करा. नवख्यांनी गुडघे दुमडून उताणं झोपावं. पोटाची हालचाल तसं पटकन कळते. एक हात छातीवर, दुसरा बेंबीच्या वर ठेवा. आधी आतली हवा जोर न लावता सोडून द्या. मग नाकाने, मनात चार अंक मोजत श्वास घ्या. पोटावरचा हात वर आला पाहिजे, छातीवरचा जवळपास स्थिर. न थांबता सहा अंक मोजत सोडा, नाकाने किंवा ओठांचा चंबू करून. एक अंक म्हणजे एक सेकंद. म्हणजे मिनिटाला 6 श्वास. एरवी शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे मिनिटाला 12 ते 20 होतात. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवायचं. एका वेळी 5 मिनिटं पुरेत, दिवसातून दोनदा.

चुका बहुधा ठरलेल्या असतात. पोट स्नायूंनी मुद्दाम फुगवलं जातं, हवा मात्र वरच राहते. खांदे कानांकडे चढतात. सहापर्यंत पोचण्याच्या नादात दम लागतो आणि पुढचा श्वास हपापल्यासारखा घेतला जातो. तसं झालं तर 3 आणि 4 वर या. मोजणी म्हणजे काही परीक्षा नव्हे. हवा पुरत नाही असं वाटलं, तरी श्वास मोठा करू नका, उलट लहान आणि हळू घ्या. चक्कर आली तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घेत बसा.

सराव मन शांत असताना करायचा. इथेच बहुतेकांचं फसतं: ऐन भीतीच्या वेळी पहिल्यांदा करून पाहतात आणि "याने काही होत नाही" म्हणून सोडून देतात. पॅनिकचा, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा, झटका साधारण 10 मिनिटांत शिखर गाठून ओसरू लागतो. तो थांबवण्याचा हट्ट नको. तेवढा वेळ निभावून नेणं हेच काम. काहींना, विशेषतः मोठा आघात सोसलेल्यांना, श्वासाकडे लक्ष दिल्यानेच जास्त घाबरल्यासारखं होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, पायांचे तळवे जमिनीवर दाबावेत, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यावीत.

गरोदरपण, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर श्वास रोखून धरण्याचे प्रकार टाळा. कपालभातीसारखे जलद प्रकार पॅनिकच्या वेळी नकोतच. कागदी पिशवीत श्वास घेण्याची जुनी युक्तीही सोडा. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ती घातक ठरते. छातीत दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी कळ, घाम, धाप असेल तर हे पॅनिकच असं परस्पर ठरवू नका, थेट रुग्णालय गाठा.

श्वासाने तात्पुरती उलघाल कमी होते, नैराश्य बरं होत नाही. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळपास रोज टिकलं, झोप-भूक बिघडली, कामं अडू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. चालू औषधं "आता श्वासाने बरं वाटतंय" म्हणून स्वतःहून बंद करू नका. जीव नकोसा झाल्याचे विचार असतील तर त्याच दिवशी मदत घ्या. समोरच्याबद्दल अशी शंका आली तर सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

झटका आलेल्या माणसाशेजारी असाल तर "शांत हो" म्हणू नका. विचारून शेजारी बसा, स्वतः हळू श्वास सोडा आणि फक्त सोडण्याचे अंक हलक्या आवाजात मोजा. त्याची लय तुमच्याशी जुळायला दोन-तीन मिनिटं लागू शकतात. तोवर प्रश्न विचारू नका.