जपानात किमोनो घ्यायचाय? मग हे आधी वाचा

क्योतोला जाणार असाल तर तिकीट काढायच्या आधी तारखा बघा, कारण तोजी मंदिरात दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेनमांगूला २५ तारखेला मोठा बाजार भरतो आणि जुने किमोनो तिथं ढिगानं असतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाता तसंच सकाळी लवकर जायचं, उशिरा गेलं की चांगला माल गेलेला असतो. ढिगातला किमोनो हजार येनलाही मिळतो, आणि नवा रेशमी शिवून घ्यायचा म्हटलं तर लाखांत जातो, म्हणून मी तरी सगळ्यांना जुनाच घ्या म्हणते. फक्त फोटोसाठी एक दिवस हवा असेल तर विकत घेऊच नका, क्योतोत गिओन, कियोमिझु किंवा तोक्योत असाकुसाला भाड्याने मिळतो, नेसवून पण देतात, संध्याकाळी परत करायचा.

विकत घेताना माप हीच खरी गोष्ट. त्यावर साईझ शोधत बसू नका. बायकांचा किमोनो साधारण आपल्या उंचीएवढा लांब हवा, कारण जास्तीचं कापड कमरेवर दुमडून घेतात, त्याला ओहाशोरी म्हणतात. (पुरुषांच्यात ही घडी नसते, त्यामुळे त्यांना लांबी नेमकीच लागते.) लांबी थोडी मागेपुढे चालते पण हाताचं माप, म्हणजे युकी, चुकली तर मनगट उघडं पडतं. मी ढीग उपसत होते तेव्हा तिथल्या आजींनी न विचारता टेप घेतली, माझा हात जरा तिरका खाली धरायला लावला आणि मानेच्या मागच्या हाडापासून खांद्यावरून मनगटाच्या हाडापर्यंत मोजलं, मग मी निवडलेले चारातले तीन बाजूला ठेवले. जुन्या काळच्या बायका बुटक्या, त्यामुळे जुने किमोनो आपल्याला हातात तोकडे पडतात. घरूनच हे माप सेंमीत लिहून न्या.

मग कापड उजेडात धरा. कॉलरच्या आत, बाह्यांच्या टोकाला आणि आतल्या अस्तरावर पिवळे-तपकिरी ठिपके दिसतात का बघा, ती जुनी बुरशी असते, सहसा जात नाही. नाक लावून वासही घ्या. शिवण हलकी ओढून बघा, धागा कुजला असेल तर लगेच उसवते.

एकट्या किमोनोनं काम होत नाही हेही सांगते. आत नागाजुबान म्हणजे किमोनोखाली घालायचा आतला झगा, बांधायला दोन-तीन कोशिहिमो म्हणजे कापडी दोऱ्या, वर ओबी म्हणजे कमरेचा पट्टा, पायात ताबी म्हणजे अंगठा वेगळा असलेले मोजे आणि झोरी म्हणजे सपाट चपला. पहिल्यांदा घेत असाल तर हानहाबा ओबी घ्या, ती अरुंद असते, स्वतः बांधता येते. आणि गोव्यात वापरायचा असेल तर माझं ऐका, सुती युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला साधा बिनअस्तराचा किमोनो, तोच घ्या. आत नागाजुबान लागत नाही, घरी धुता येतो, आणि आपल्या उकाड्यात अस्तराचं रेशीम कोण घालणार.

नेसायची पद्धत नऊवारी नेसणारीला लगेच कळते, सगळा आकार बांधण्यातून येतो. पाठीची शिवण बरोबर मध्ये आणायची, घोट्यापर्यंत लांबी धरायची, उजवी बाजू आधी अंगाला लावायची आणि डावी तिच्यावरून. उलट कधीच नको, तसा तिथं मृत माणसाला घालतात. मग कमरेला दोरी घट्ट बांधून वरचं जास्तीचं कापड खाली सारखं करायचं, कॉलर मानेमागे मुठभर मोकळी ठेवायची, शेवटी ओबी. चालताना पावलं छोटी टाका, जेवताना एका हातानं बाही धरा, आणि खुर्चीत मागे रेलू नका, ओबीची गाठ चेपते.

घरी आणल्यावर रेशमी किमोनो पाण्यात अजिबात घालू नका, जुनं क्रेप रेशीम आक्रसतं. नेसून झालं की एक दिवस सावलीत वाऱ्यावर टांगायचा, मग शिवणीवरच घडी घालून मऊ सुती कापडात गुंडाळायचा, आपण शालू ठेवतो तसा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, पावसाळ्यात तर नकोच, आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते. पाऊस उघडला की काढून एकदा पुन्हा वाऱ्याला लावा.