आक्षीच्या पुळणीवर कालवफोड्या कसा पाहावा, कसा टिपावा

कालवफोड्या, म्हणजे ऑयस्टरकॅचर हा पक्षी, हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर येतो, पण थोडाच. अलिबागजवळच्या आक्षीला त्याची गाठ पडू शकते. त्यासाठी आधी कॅलेंडर काढा, कॅमेरा नंतर.

तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. त्रयोदशीला ३९ भागिले ४, म्हणजे पावणेदहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रकही बघून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली द्वादशी ते चतुर्दशी मला सगळ्यात सोयीची वाटते, पक्ष कुठलाही चालेल. सकाळी सातला पाणी चढत असतं आणि ते पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. ओहोटीला गेलात तर चिखल तुडवत त्यांच्यामागे फिराल आणि हाती पाठमोरे फोटो लागतील. मी पहिले दोन हिवाळे हेच केलं.

सुरूच्या बनातून बाहेर पडलात की लगेच पुढे जाऊ नका. दुर्बिणीने पाण्याची कड नीट बघा. लांबून तो चक्क कावळ्यासारखा दिसतो. मान वळली की लांब, जाड, केशरी-लाल चोच चमकते आणि शंका मिटते. पाय गुलाबी, पोट पांढरं, डोळा लाल. हिवाळ्यात गळ्यावर पांढरा पट्टाही दिसतो. शेखाट्याही काळा-पांढराच, पण त्याची चोच काळी, सुईसारखी.

आता पाणी कुठवर येईल याचा अंदाज घ्या, त्याच्या थोडं अलीकडे पोटावर आडवे व्हा आणि लेन्सखाली तांदळाची पिशवी ठेवा. मग हलू नका. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळचं ऊन तुमच्या पाठीवर आणि पक्ष्याच्या अंगावर पडतं. संध्याकाळी नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात.

खरी कसोटी रंगांची. काळ्या डोक्यामुळे कॅमेरा फसतो आणि पोटाचा पांढरा रंग जळून जातो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, पाऊण स्टॉप (कॅमेऱ्यावरचं उजेडाचं माप) कमी ठेवा. काळ्यातला तपशील नंतर उजळता येतो, जळलेला पांढरा परत येत नाही. खाताना शटर १/१००० सेकंद पुरे, उडताना १/२००० लावा. खाणं मात्र चुकवू नका. शिंपला जरा उघडा दिसला की तो चोच सुरीसारखी आत खुपसतो, कवच मिटून धरणारा स्नायू तोडतो आणि गर ओढून काढतो. काही पक्षी सरळ ठोकून कवच फोडतात.

त्याने खाणं थांबवून मान ताठ केली किंवा 'क्लीप-क्लीप' ओरडायला लागला, तर तुम्ही फार जवळ आहात. तिथेच थांबा, नाहीतर सरपटत मागे या. उडताना पंखावरचा पांढरा पट्टा सुरेख दिसतो, पण त्यासाठी थवा उठवू नका. परतीच्या लांब प्रवासाची चरबी त्यांना इथेच साठवायची असते. २०१५पासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत हा पक्षी 'संकटसमीप' आहे.

पुळणीवर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर कॅमेरा आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मगच फोटो बघायला बसा.