साथीच्या काळात मधुमेही ज्येष्ठ: या चुका टाळा

सकाळची उपाशीपोटी शुगर 110 आली की घर निर्धास्त होतं. कोरोनाच्या औषधांत स्टेरॉइड असेल, तर हाच आकडा सर्वांत जास्त फसवतो. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड सकाळी घेतलं की शुगर दुपारनंतर चढते, संध्याकाळी 300 च्या वर जाऊ शकते आणि पहाटेपर्यंत बरीच उतरते; डेक्सामेथासोनचा परिणाम मात्र जास्त काळ टिकतो. म्हणून स्टेरॉइड सुरू असेपर्यंत दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजा. गोळी थांबली की शुगर खाली येते. वाढवलेलं इन्सुलिन तेव्हा कमी करावं लागतं, हे डॉक्टरांना आठवणीनं विचारा. आणि ऑक्सिजन उत्तम असताना, कोणाची तरी चिठ्ठी व्हॉट्सॲपवर आली म्हणून स्टेरॉइड सुरू करणं हा शुद्ध आगाऊपणा. कोरोनाच्या सौम्य आजारात त्याचा फायदा नाही. 2021 च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस (काळ्या बुरशीचा आजार) वाढला, त्यात अनियंत्रित शुगर आणि स्टेरॉइड ही जोडी वारंवार दिसली.

दुसरी चूक: 'बाबा जेवलेच नाहीत, आज इन्सुलिन नको.' तापात शरीर स्वतःच शुगर वाढवतं, पोट रिकामं असलं तरी. दिवसातून एकदाचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन मनानं बंद करू नका; जेवणाआधीचा डोस किती कमी करायचा ते फोनवर विचारा. दर चार तासांनी मोजा. मधुमेहाच्या गोळ्यांचं गणित मात्र वेगळं आहे. उलट्या-जुलाब असतील तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे त्याच दिवशी विचारा. डापाग्लिफ्लोझिनच्या गटात शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ल साचू शकतं. ग्लिमेपिराइड घेऊन जेवलं नाही, तर शुगर लो होऊ शकते. म्हाताऱ्या माणसात घाम-थरथर नसेलही, नुसतं बरळणं किंवा गुंगी दिसते आणि घरचे 'तापाची ग्लानी' म्हणून सोडून देतात. 70 च्या खाली असेल आणि माणूस गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना.

सिरिंजची गफलत टंचाईत हमखास होते. आपल्याकडच्या बऱ्याच कुप्या 40 युनिटच्या (म्हणजे दर मिलीलीटरला 40 युनिट) असतात, त्यांना लाल टोपणाची सिरिंज. पेनचं कार्ट्रिज 100 युनिटचं. 40 चं मिळालं नाही म्हणून 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये भरलं, तर त्याच खुणेवर अडीचपट डोस जातो. मेडिकलवाल्याकडून घेताना कुपीवरचा आकडा वाचाच.

साठवणीचंही सांगायला हवं. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास आणि त्यात लाइट गेली, की फ्रिज निरुपयोगी. न उघडलेली कुपी 2 ते 8 अंशांत हवी. फ्रीझरमध्ये गोठली तर फेकून द्या. वापरातली कुपी साधारण 28 दिवस थंड जागी चालते. कोरड्या डब्यात बंद करून तो माठात ठेवा, पाणी आत जाता कामा नये. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ चांगला थंड राहतो, पावसाळ्यात तेवढ्यावर विसंबू नका.

मोजतानाही चुकतं. संत्रं सोलून तसंच बोट टोचलं, तर आकडा खोटा वर येतो. साबणानं हात धुऊन पुसा. सॅनिटायझर लावला तर वाळू द्या. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसनं काही ग्लुकोमीटर शुगर जास्त दाखवतात, आणि तोच आकडा धरून इन्सुलिन दिलं तर घात होतो.

काढ्यात गूळ-मध घालणं सोडा. गच्चीवर अनवाणी जाणं तर नकोच: पायांना बधिरपणा असेल, तर तापलेल्या फरशीनं फोड आल्याचं कळतही नाही.

म्युकरमायकोसिसच्या खुणा लक्षात ठेवा. एका बाजूचा गाल किंवा डोळा दुखतोय, सुजलाय, दोन-दोन दिसतंय, नाकातून काळसर स्राव येतोय, दात हलतोय: यातलं एकही दिसलं, तर त्याच दिवशी नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली गेला, तर बाबा 'मला दम लागत नाही' म्हणाले तरी थांबू नका.