पुस्तपालनाच्या चाचणीत हमखास गुण जातात ते इथे: या चुका टाळा

‘लाभ घेणाऱ्याचे खाते नावे (डेबिट), देणाऱ्याचे जमा (क्रेडिट)’ हा नियम वाणिज्य शाखेच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगेल. गाडी अडते ती त्याच्या पुढे. वही कोणाची आहे हे न बघताच पेन चालू होतो, आणि निम्म्या चुका तिथेच होतात.

लातूरच्या मोंढ्यातला रोजचा व्यवहार घ्या. शेतकऱ्याने आडत्याकडे सोयाबीन आणलं, आडत्याने ते खरेदीदाराला १,००,००० रुपयांना विकून दिलं. आडत्याची विक्री किती? बहुतेक जण एक लाख लिहितात. पण माल शेतकऱ्याचा आहे. आडत्याचं उत्पन्न म्हणजे माल विकून दिल्याबद्दल त्याला मिळालेली आडत, म्हणजे दलाली, तेवढंच. खरेदीदाराचे पैसे आले आणि शेतकऱ्याला द्यायचे राहिले, तर आडत्याच्या वहीत शेतकरी धनको, म्हणजे ज्याचं देणं आहे तो. शेतकऱ्याच्या वहीत मात्र तोच आडत्या ऋणको, म्हणजे ज्याच्याकडून येणं आहे तो.

हे एकदा पटलं की ताळेबंदात भांडवल देणी बाजूला का, हा प्रश्नच उरत नाही. धंदा वेगळा, मालक वेगळा; मालकाने घातलेला पैसा हे धंद्याचं देणं. घरच्या लग्नासाठी गल्ल्यातून काढलेली रक्कम म्हणूनच खर्चात टाकायची नाही, ती मालकाची उचल. बँकेचंही तसंच. आपल्या रोख पुस्तकात बँकेची शिल्लक नावे, पासबुकात तीच जमा, कारण पासबुक हा बँकेच्या वहीतला उतारा आहे.

सूट लिहिताना फार गोंधळ होतो. वसमतच्या व्यापाऱ्याने ४०,००० रुपयांची हळद १० टक्के व्यापारी सूट (किमतीतूनच कमी होणारी) आणि २ टक्के रोख सूट (लगेच पैसे दिल्याबद्दल उरलेल्या रकमेवर मिळणारी) घेऊन लगेच रोखीने घेतली असं समजा. जीएसटी तूर्त बाजूला ठेवू. व्यापारी सूट वहीत दाखवायचीच नाही. खरेदी खाते नावे ३६,०००. रोख खाते जमा ३५,२८०. रोख सूट खाते जमा ७२०. दोन्ही टक्के एकत्र करून १२ टक्के वजा केले, तर सगळं गणित गेलं.

खरेदीच्या मालाची हमाली व्यापारी खात्यात, विकलेला माल पोचवायचं गाडीभाडं नफा-तोटा खात्यात. दुकानासाठी आणलेल्या कपाटाचं भाडं मात्र कपाटाच्या किमतीत मिळवा. आणि ८० ला घेऊन १०० ला विकलं तर नफा खरेदीवर २५ टक्के, विक्रीवर २० टक्के. प्रश्नात काय विचारलंय ते नीट वाचा.

आता तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांची यादी, जुळत नाही तेव्हा. घाबरून सगळं पुन्हा लिहायला बसू नका, आधी फरक काढा. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संशय घ्या: ५,६३० चे ५,३६० झाले की फरक येतो २७०. तसं नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधा, ती चुकीच्या बाजूला बसलेली असू शकते. तेही नाही, तर फरकाएवढीच रक्कम खतावायची, म्हणजे खात्यात उतरवायची, राहिली का ते बघा. त्यानंतर बेरजा.

तेरीज जुळली तरी लगेच उत्तरपत्रिका देऊ नका. एखादा व्यवहार मुळातच लिहायचा राहिला, किंवा यंत्राची रक्कम खरेदी खात्यात गेली, तरी दोन्ही बाजू जुळतातच. उरलेल्या वेळात प्रश्नातल्या तारखा आणि आपली रोजकीर्द (व्यवहारांची पहिली नोंदवही) ओळीने ताडून बघा.