सोलापूरच्या उन्हात ताम्हण जगवायचं तर

आपला राज्यवृक्ष आंबा आणि राज्यफूल ताम्हण. आंब्याचं सोलापुरात फारसं अडत नाही. केशरच्या कलमाला ठिबक मिळालं की ते रुळतं. ताम्हण मात्र कोकणातल्या आणि पूर्व विदर्भातल्या ओढ्या-नदीकाठचं झाड, मुळाशी ओल मागणारं. इथे पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि एप्रिल-मेमध्ये ते फुलतं तेव्हाच पारा चाळिशीच्या वर. म्हणून अंगण, शाळेचं आवार, विहिरीचा काठ अशा, उन्हाळ्यातही कुणीतरी पाणी घालेल अशा जागीच ते लावा.

रोप घेताना पानं बघा. ताम्हणाचं पान चार ते आठ इंच लांब असतं. दीड-दोन इंचांच्या पानांचं झुडूप त्याच नावाने विकलं जातं, ते चिनी मेंदीचं. एकाच झाडावर गुलाबी आणि पांढरी पडत चाललेली फुलं दिसली, तर तीही परदेशी जात.

बियांपासून करायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत तपकिरी झालेली, पण न उकललेली बोंडं तोडा. कागदावर दोन-तीन दिवस उन्हात ठेवली की तडकतात आणि पंखवाल्या बिया गळतात. बऱ्याच बिया पोकळ निघतात, त्यामुळे हव्या त्या रोपांच्या चार-पाच पट टाका. माती, वाळू, कुजलेलं शेणखत समप्रमाणात घेऊन ट्रे भरा आणि बियांवर जेमतेम अर्धा सेंटिमीटर थर द्या. खोल गेलेली बी वर येत नाही. पन्नास टक्के सावलीची शेडनेट वर आणि पाणी फवाऱ्याने. उगवायला दोन ते आठ आठवडे लागतात, ट्रे लवकर उपडा करू नका. चार-सहा पानं आली की पिशवीत हलवा. पिशवीत दीड-दोन वर्षं राहिलेलं रोप मात्र टाळा. मुळं वेटोळी होतात आणि झाड पुढे वाऱ्याला कलतं.

खड्डा तीन फूट लांब, रुंद, खोल. मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. आपली काळी माती पावसात पाणी धरून ठेवते, मग मुळं गुदमरतात. उन्हाळ्यात भेगाळते, मग तीच मुळं तुटतात. म्हणून पोयटा, दोन घमेली शेणखत, एक किलो निंबोळी पेंड आणि घमेलंभर वाळू मिसळून खड्डा भरा. न कुजलेलं शेण घातलंत तर वाळवी आलीच. पाण्याची सोय पक्की असेल तर जुलैत लावा. नसेल तर ऑगस्टअखेर थांबा, कारण इथे जूननंतर बरेचदा उघडीप पडते आणि भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा.

पहिला उन्हाळा हीच खरी परीक्षा. दर तिसऱ्या दिवशी पंधरा लिटर पाणी, किंवा खोडापासून फूटभर अंतरावर दहा लिटरचा मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरा, बुडाच्या भोकात सुती वात घाला. आळ्यात उसाचं पाचट चार इंच पसरा, पण खोडाला चिकटवू नका.

पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण. चुनखडीच्या जमिनीत नेहमीचंच. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून उपयोग नाही, चुना ते बांधून ठेवतो. लिटरला पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम सायट्रिक अॅसिड घालून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. हिवाळ्यात पानं तांबडी होऊन गळाली तर घाबरू नका, तो त्याचा स्वभाव आहे. नखाने साल खरवडा. खाली हिरवं दिसलं की झाड जिवंत.

पाणीच नसेल तर ताम्हणाचा हट्ट सोडा. पळस, हिवर, कडुनिंब, बोर, बहावा ही इथलीच झाडं. पळसाच्या चपट्या शेंगा मे-जूनमध्ये गोळा करून लगेच पेरा. निंबोळीही पंधरा-वीस दिवसांत, पुढे तिची उगवण झपाट्याने घटते. बहाव्याच्या बीचं कवच टणक, ते खडबडीत दगडावर घासून रात्रभर पाण्यात ठेवा. आणि सोलापूरजवळच्या नान्नज माळढोक अभयारण्यासारख्या माळावर यातलंही काही लावू नका. तिथलं कुसळी, पवन्याचं गवत हीच तिथली वनस्पती. मोकळ्या माळावरच माळढोक पक्षी वावरतो, झाडीत नाही.